पडदा कुणाचा?

मोशीच्या जुन्या गावठाणात कुसुमताईंच्या घराला सोवळ्याचं घर म्हणत. शेती गेली, गोठ्याच्या जागी भाडेकरूंच्या खोल्या उठल्या, पण देवघराचा दंडक ढळला नाही. आंघोळीशिवाय तिथं कुणी शिवायचं नाही आणि अडचणीच्या दिवसांत बायकांनी त्या दारापुढून जायचंही नाही. सून दिव्या हे सगळं मुकाट पाळी. त्या सोमवारीही तिनं देवापुढं दिवा लावला, भाकऱ्या थापल्या, नवऱ्याचा आणि स्वतःचा डबा भरला.

“आई, मटकी भिजत घातलीय. संध्याकाळी आले की उसळ करते,” चपला सरकवत ती म्हणाली.

“जा बाई बिगीनं, बस थांबायची न्हाई तुझी.”

दिव्या चाकणला धातूवर मुलामा चढवायच्या, प्लेटिंगच्या एका कारखान्यात तपासणीचं काम करी. त्या दुपारी सुटे भाग धुवायच्या कॉस्टिकच्या, म्हणजे जहाल सोड्याच्या टाकीत वरून जाळी निसटली आणि आतलं पाणी उसळून तिच्या तोंडावर आलं. वाफेनं काच धुरकटते म्हणून तिनं गॉगल कपाळावर सरकवला होता. सुपरवायझर नागसेन धावला. तिचं डोकं त्यानं नळाखाली धरलं, ती किंचाळत असतानाही बोटांनी पापणी उघडी ठेवून डोळ्यात धार सोडत राहिला, आणि मग कंपनीच्या गाडीतून तिला पिंपरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन आला.

कुसुमताई आणि त्यांचा मुलगा सुजित पोचले तेव्हा दिव्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर हीना तरुण होत्या, पण बोलणं शांत होतं.

“उजवा डोळा बरा होईल. या साहेबांनी लगेच धुतला म्हणून,” नागसेनकडे हात करत त्या म्हणाल्या. “डावा मात्र खोल भाजलाय. त्यावर एक पडदा शिवायला हवा. बाळाभोवती जी पिशवी असते ना, तिचा आतला पापुद्रा. बाळंतपणानंतर वारेबरोबर ती टाकूनच देतात. कुणी आई दान देते, आम्ही तपासून, निर्जंतुक करून ठेवतो. जखम भरून काढायचा गुण त्यातच असतो. तो वर राहतो, खाली नवी त्वचा धरते, आणि मग तो आपोआप विरघळून जातो.”

“इरघळतो?” कुसुमताईंचा चेहरा पालटला. “म्हंजी तिच्या अंगात मुरनार?”

“थोडंफार तसंच समजा.”

“कोनाची पिशवी म्हनायची ती?”

“दान देणारीचं नाव सांगत नाहीत.”

“नाव ऱ्हाऊ द्या. जात तरी?”

नागसेन भिंतीशी उभा होता. त्याच्या शर्टाच्या बाह्या अजून ओल्या होत्या. दिव्याच्या डब्याची पिशवी खुर्चीवर ठेवून तो बाहेर निघून गेला.

“आम्ही रोग तपासतो, मावशी. जात तपासत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि संमती पेशंटची लागते. दिव्या, तुम्ही सांगा.”

“लावा,” दिव्या म्हणाली. “मला दिसायला पाहिजे.”

कुसुमताई पलंगाशी वाकल्या. “लाव की. पन मग माझ्या देवाला शिवायचं न्हाई. चुलीलाबी न्हाई. कोनाच्या बाळंतपनाचा इटाळ अंगात मुरवून माझ्या घरात वावरायचं न्हाई.”

दिव्यानं चाचपडत नवऱ्याच्या दिशेनं हात पुढं केला. “अहो, तुम्ही बोला ना काहीतरी.”

सुजित आयटीआय शिकलेला. यातलं खुळेपण त्याला कळत होतं. पण त्यानं मोबाईलकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, “आई म्हणते तसं करू. औषधानंही होईल बरं.”

डॉक्टरांनी दिव्याला एकटीला गाठून पुन्हा विचारलं. वेळ गेली की हा उपाय तितका चालत नाही, हेही बजावलं. पण ज्या घरात परत जायचं, त्याचं दार आपल्यावर बंद होईल या धाकानं तिनं मान हलवून नको म्हटलं.

औषधं टाकली, मलम लावलं. पण डाव्या बुबुळावर सायीसारखा पांढरा थर चढला आणि खालची पापणी आतून डोळ्याला चिकटली. उजेड-अंधार कळे, बाकी काही नाही.

“पडदा शिवला असता तर वाचला असता का हो?” सुजितनं एकदा आईच्या देखत विचारलं.

“नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही,” डॉक्टर हीना म्हणाल्या. “संधी होती. ती आपण दिली नाही.”

तो ‘आपण’ कुसुमताईंना लागला. डॉक्टरांनी कुठं नाही म्हटलं होतं? नाही म्हणायला लावलं ते आपणच!

दिव्याचं नजरेचं काम गेलं, कंपनीनं तिला पॅकिंगला बसवलं. ती भांडली नाही, रडली नाही, हेच कुसुमताईंना सोसवेना. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडे, ती निमूट ओटा पुसून पुन्हा ओती. एका डोळ्याला अंतर उमगत नाही, हे कुसुमताईंना तेव्हा कळलं. देवापुढं बसलं की आपलंच वाक्य कानात घुमे. देवघर आता दिव्याला मोकळं होतं, पण ती तिकडे फिरकत नसे.

आणि एक जुनी गोष्ट त्यांना छळू लागली. सुजित झाला तेव्हा कुसुमताई गोठ्यात बाळंत झाल्या होत्या. सासू दारातून भाकरी आत सरकवी. शिवू नको म्हणे. सुजितला पहिल्यांदा हातात घेतलं ते गावकुसाबाहेरच्या सुईणीनं. तिनंच नाळ कापली, वार पुरली, त्यांचं अंग धुतलं. आणि पाचवीच्या दिवशी तिला उंबऱ्याबाहेर बसवून वरून वाढलं. त्या दिवसांत आपण रात्रंदिवस रडलो होतो. मग तोच विटाळ आपण सुनेच्या डोळ्यात का घातला?

पुढं त्यांची लेक वर्षाली बाळंतपणाला माहेरी आली. मूल आडवं होतं, सिझेरियन ठरलं. दवाखान्यातल्या सिस्टरनं आधीच विचारलं, “ताई, पिशवी दान देणार का? भाजलेल्यांना, डोळ्यांच्या पेशंटना उपयोगी पडते.”

वर्षालीची सासू उसळली. “आमच्या घराण्याची वार? कुठल्या जातीच्या माणसाला लावतील, काय नेम!”

वर्षालीनं आईकडे पाहिलं. दिव्यानंही एकदा असंच कुणाच्या तरी शब्दाकडे डोळे लावले होते, पट्टीआडून.

“माझ्या तोंडाकडं बघू नगं,” कुसुमताई म्हणाल्या. “आंग तुझं हाय. तू ठरीव.” मग विहीणबाईंकडे वळल्या. “आन् ज्याचा डोळा जळलाय त्याला लावतील. दुसऱ्या कोनाला लावून काय करनार?”

वर्षालीनं हो म्हटलं.

घरी येऊन कुसुमताईंनी दिव्याला सगळं सांगितलं. आपल्या आवाजात थोडी शाबासकीची आस आहे, हे सांगताना त्यांचं त्यांनाच जाणवलं.

दिव्या भाजी निवडत होती. “कुणाला लावणार ते विचारलंत?”

“न्हाई. कशाला इचारू?”

“माझ्या वेळी कुणाची ते विचारलं होतंत, आई.”

सबबी पुष्कळ होत्या. जुनं वळण, लोकांचं भय, सासूचा धाक. कुसुमताईंनी त्यातली एकही काढली नाही.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “इचारलं व्हतं. चारचौघांत. त्या नागसेनच्या म्होरं.”

दिव्यानं पाटी बाजूला ठेवली. “हीना मॅडमचा फोन आला होता सकाळी. आळंदी रस्त्याची एक पोरगी आहे, डोळ्यात चुना उडालाय. घरचे पडदा नको म्हणतायत. मला म्हणाल्या, येऊन बोलशील का. मी जाणार आहे. माझं ऐकायचे नाहीत कदाचित, पण डोळा तरी बघतील.”

“मी येते.”

“तुम्ही काय सांगणार?”

“मी काय केलं ते सांगंन.”

देवघरात सांजवात लावायची राहिली होती. कुसुमताईंनी ती तशीच ठेवली, पदर खोचला आणि बाहेर पडून रिक्षाला हात केला. दोघी शेजारी बसल्या. मोशीच्या चौकात गाड्यांची रांग तुंबली होती, शिफ्ट सुटली होती. दिव्याच्या डावीकडून येणारा दुचाकीवाला तिला दिसला नाही. ती दचकली तेव्हा कुसुमताईंनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

दिव्यानं आपल्याला माफ केलं का, हे कुसुमताईंनी विचारलं नाही. ते विचारायचा हक्क आपला उरला नाही, एवढं त्यांना उमगलं होतं.