चारही चाकं

गुरुवारी दुपारी चार वाजता कुमाकुराने मोरोहाशीच्या सुट्या भागांच्या दुकानातल्या फळीवर आपल्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं कॅलिपर, ब्रेक आवळणारा तो लोखंडी चिमटा, ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. कागदातून ब्रेक ऑइल झिरपून फळीवर आलं, तसं मोरोहाशीने बोळा घेऊन ते पुसलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

पिस्टन त्याने अंगठ्याने दाबून पाहिला. रबर उलटं करून आत डोकावला. मग बाजूच्या पिना हलवायला गेला. त्या हलल्या नाहीत.

"पिना धरल्यात फक्त. पिस्टन ठणठणीत आहे."

"मीठ लागलंय."

"मीठ सगळ्यांनाच लागतं. बर्फ वितळायला रस्त्यावर पोत्यांनी ओततात हिवाळाभर. पिना घासून ग्रीस भरलं असतंस तर अर्ध्या तासाचं काम होतं. उघडलंस कशाला?"

कुमाकुराने ओल्या वर्तमानपत्राची घडी घातली. तीस वर्षं त्याने स्वतःचं गॅरेज चालवलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. पिना घासायला ब्रेक ऑइलचा पाइप सोडवावा लागत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पाइप सोडवला की ऑइल जातं, हवा शिरते, आणि मग ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, एक पेडलवर.

"बरं," मोरोहाशी म्हणाला. "नवं कोरं हवं तर कंपनी तीन आठवडे लावते."

"तेवढं थांबायचं नाहीये."

"गाडीची सरकारी तपासणी महिनाअखेरीला ना तुझ्या? घाई कसली?" त्याने बोळा बाजूला ठेवला. "भंगारवाल्याकडे याच गाडीचं एक पडलंय. स्वस्तात देईल."

"कुठल्या गाडीचं?"

"इथलीच."

"म्हणजे समुद्रकाठचं काढून समुद्रकाठचं बसवायचं."

"मग राहिलं दुरुस्त केलेलं. कारखान्यातून नव्यासारखं होऊन येतं, उद्या सकाळी मिळेल. जुनं मात्र परत द्यावं लागतं."

"ते दे. चारही."

मोरोहाशीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि शाळेपासूनच्या या मित्राकडे जरा वेळ पाहिलं.

"मागच्यांना काय झालंय?"

"आज ना उद्या होईलच."

"चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची म्हणजे दिवस जाईल तुझा." मोरोहाशी वळला आणि मागच्या कप्प्यातून एक बाटली काढून समोर ठेवली. झाकणातून नळी निघाली होती आणि नळीत छोटी झडप होती. "ही ने. गेलेली हवा परत येत नाही. एकट्याने होतं सगळं."

कुमाकुराने बाटली उचलली, नळी बोटांत फिरवली, आणि जिथे होती तिथे परत ठेवली.

"नको."

"मग मी येतो शनिवारी. पेडल दाबायला काय अक्कल लागते?"

"तुझ्या पायाला भरवसा नाही. मध्येच सोडशील."

"वहिनी कधी सोडायच्या नाहीत, नाही का?" मोरोहाशी हसत म्हणाला. मग त्याने हसू आवरलं. त्याने बाटली कप्प्यात ठेवून दिली आणि कारखान्याला फोन लावला.

कुमाकुराची बायको हात्सुए आईच्या आजारपणात सादो बेटावर माहेरी गेली होती, त्याला दीड वर्ष झालं. आई गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले. मग घर आवरायचं होतं, मग बर्फ, आता भाताची लावणी. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर समजूत तरी काढता आली असती, असं कुमाकुराला अधूनमधून वाटे.

संध्याकाळपर्यंत त्याने उरलेली तिन्ही कॅलिपरं काढली. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चाकं भिंतीला टेकवलेली. हात धुऊन त्याने हात्सुएला फोन केला. पलीकडून आधी शेतातल्या बेडकांचा आवाज आला, मग तिचा.

"कॅलिपर बदलतोय," तो म्हणाला. "चारही."

"चारही? पिना घासून भागत नव्हतं?"

"उघडून बसलोय."

"कळलं ते." ती म्हणाली, "मोरोहाशींकडे ती एकट्याची बाटली मिळते ना?"

"मिळते."

"मग?"

कुमाकुराने फोन दुसऱ्या कानाला लावला. नखातला काळा मळ अंगठ्याने काढत राहिला. गॅरेजमध्ये ती चपला काढून मोज्यांनी पेडल दाबायची. तो खालून म्हणे, धर. ती वरून म्हणे, धरलं. तो स्क्रू सैल करी, पेडल तिच्या पायाखाली खोल जाई, आणि तो पुन्हा आवळून सोड म्हणेपर्यंत ती हलायची नाही.

"मला नाही जमत त्या बाटलीने," तो म्हणाला.

बेडूक ओरडत राहिले.

"किती वेळाचं काम?"

"दिवसभर. रात्रभर ऑइल बसू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा हवा काढायची."

"आपण कधी दुसऱ्या दिवशी काढली होती हो?"

"काढावी म्हणतात."

ती हसली की नुसता श्वास सोडला, ते त्याला कळलं नाही.

"आणि बंदरावर मला घ्यायला कोण येणार? गाडी तर उघडून ठेवलीत."

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो अंगणातल्या बिनचाकी गाडीकडे पाहत राहिला.

"बस आहे," तो म्हणाला. "शनिवारी दुपारची."

"लावणीचं बघते," हात्सुए म्हणाली, आणि फोन ठेवला.

शुक्रवारी तो जुनी कॅलिपरं पाटीत घालून सायकलवरून मोरोहाशीकडे देऊन आला आणि दुरुस्त केलेली घेऊन आला. शनिवारी सकाळी ती बसवली, ऑइल भरलं, गाडीखाली पुठ्ठा अंथरला. चालकाची सीट त्याने पुढे ओढली, तिचे पाय पोचतील इतकी.

सादोची बोट वेळेवर लागल्याचं रेडिओवर सांगितलं. दुपारी तो मागच्या उजव्या चाकाशी पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि स्क्रूला पाना लावून ठेवला. तिथून रस्ता दिसत नव्हता, पण बसचा आवाज चढावर लांबूनच ऐकू येई. घराजवळच्या थांब्यावर कोणी उतरणार किंवा चढणार नसेल तर बस थांबत नाही.

बस थांबली.