पायाळूचं पानी

बोर मारनाऱ्या गाडीनं तिसऱ्यांदा नुसता पांढरा फुफाटा वकला, त्या दिशी माहा पोरगा लक्ष्मनराव वावराच्या धुऱ्यावर असा बसला जशी त्याची बायकोच मेली. थे काई मेली नोती. थे बाजूलेच उभी होती, नाकाले पदर लावून, अन् लहानूले शिव्या देऊन राह्यली होती. मेली असती तं ही गोष्ट मले सांगाच लागली नसती.

लहानू म्हनजे आमच्या रोहन्याकडचा पानाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवते अन् वावरभर फिरते. नारळ उभा झाला का तिथं पानी. तीनदा त्याचा नारळ उभा झाला अन् तीनदा खालून धुराळा निंगाला. दुसरा कोनी असता तं तोंड लपवून पयाला असता. लहानूनं उलटं तोंड वर केलं. म्हने, पानी हाय, पन थे लपते. माह्या नारळाले दिसते, मशिनीले दिसत नाई. त्याले बाहेर काढाचं असन तं पायाळू मानूस पायजे.

पायाळू तुमाले मालूम असन. आईच्या पोटातून डोक्याच्या आंधी ज्याचे पाय येते, थो पायाळू. त्याले जमिनीतलं पानी दिसते म्हनते, गाडलेलं धन दिसते म्हनते, अन् आभाळातली वीज त्यालेच धुंडत येते म्हनते.

आता कर्म पाहा कसं असते. त्याच आठवड्यात माही नातसून समीक्षा सोनोग्राफी करून आली. नववा लागला होता तिले. डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं का लेकराचे पाय खाली हायेत, आता थे फिरन असं वाटत नाई, मोठ्या दवाखान्यात पोट कापूनच काढा लागन, घरी बाळंत व्हाचा विचारबी करू नोका. पोरगी भीत भीत आली अन् तिनं सासूले सांगतलं. सासू म्हनजे माही सून आनंदाबाई. आनंदीच्या तोंडावर असं हासू आलं, जसं मांजरीले दुधाचं गंज उघडं दिसलं.

संध्याकाळी लहानूले बलावलं, चहा झाला, अन् ठरलं. बाळंतपन घरीच. पोट फाडून काढलेलं लेकरू काई पायाळू होत नाई म्हने, ज्यानं पायानं वाट काढली थोच खरा. बरं, पयलं बाळंतपन माहेरचं असते, तं पोरीले पवनारले धाडा, तं थेई नाई. काऊन का ज्याच्या छपराखाली पायाळू जलमते, त्याच्याच वावराले थो पानी दाखवते. मंग समीक्षाच्या भावाचं, रोशनचं, फावलं असतं ना. रोशनले सांगून टाकलं का लेकराचं डोकं खाली हाय, काई फिकर नाई. गावातली आशाताई, सरकारी दवाखान्याची, इचारत आली, तिले सांगतलं का पोरगी माहेरी गेली. पोरगी तवा आतल्या खोलीत बसली होती, अन् तिचा मोबाईल आनंदीच्या कमरेले खोसला होता.

माहा नातू धनंजय, समीक्षाचा नवरा, म्हनजे कापसाचं गाठोडं. जिथं ठेवलं तिथं राह्यते. थो बायकोकडे पाहे, आईकडे पाहे, अन् जेवाले बसे.

मी कोठ्यात राहो. आनंदीनं घरात टाइल्स बसोल्या तवापासून माही बाज ढोराईत टाकली होती. म्हने बुढीच्या पायाले माती असते. माहं काई म्हननं नोतं. ढोरं शेपटीनं मारते, तोंडानं मारत नाई. समीक्षा मले चोरून साखरेचा चहा आनून दे. त्या दिशी थे चहा घेऊन आली अन् माह्या बाजीवर बसूनच राह्यली.

"आजी, मले जगाचं हाय," थे म्हने.

मी म्हनलं, "मंग जग ना बापा. कोन अडोलं?"

"मी सासूबाईले म्हनलं, माह्या जिवाले धोका हाय. तं सासूबाई म्हने, बायको दुसरी करता येते, पायाळू घरात एकडावच येते."

हे सांगतानी थे रडली नाई. रडली असती तं मी तिले थोपटलं असतं अन् गोष्ट तिथंच मिटली असती. थे कोरड्या डोयानं सांगून राह्यली होती, पोटावर हात ठेवून, अन् आतून लेकरू लाता मारे थे मले गाऊनवरून दिसे. माह्या आंगाची आग झाली. आता मी लय खोटं बोललेली बाई हाव. माहा नवरा म्हने, सीते, तुह्या तोंडात खरं घातलं तं थे आंबून जाईन. पन आजवर मी मजेसाठी खोटं बोलली होती. म्हनलं, आता एकडाव सुडासाठी बोलून पाहू, कसं लागते थे.

सकाळी मी ओसरीत जाऊन बसली अन् लक्ष्मनले म्हनलं, बापू, लय चांगलं ठरोलं तुमी, पन मले कोनी इचारलंच नाई. या घरात पायाळू डोयानं पाह्यलेली अन् त्याच्या जलमाचे नियम मालूम असलेली मीच एक जित्ती हाव. अन् मी माह्या मामसासऱ्याची गोष्ट काढली. मामसासरा पायाळू. थो वावरातून चालला अन् खाली पानी असलं का त्याच्या तळपायाले सर्दी होये. जिथं शिंकला तिथं विहीर. एकदा देवळीच्या बजारात शिंकला तं दुकानदारं आपापले पोते उचलून टेकडीवर पयाले.

लक्ष्मन हासला नाई. ज्याले हाव सुटली त्याले हासू येत नाई. सरकून जवळ बसला अन् म्हने, "माय, त्याचे नियम काय असते थे सांग."

मी म्हनलं, आयक मंग.

वैशाखाचे दिवस. दुपारी भुई तव्यावानी तापे, अन् संध्याकाळी पश्चिमेले कोरडेच ढग गुरगुरत. मी त्या ढगाकडे बोट दाखोलं. पायाळूवर वीज येते, वीज लोखंडावर येते, तं घरात लोखंड नको. आनंदीचा फ्रीज गेला, टीव्ही गेला, लोखंडी कपाट गेलं, शिलाई मशीन गेली. कुठं गेलं? शेजारच्या सुलोचनाबाईच्या घरी. आनंदीचं अन् सुलोचनाबाईचं नळावरून दहा वर्सापासून वाकडं. सुलोचनाबाई दारात पाय लांब करून आनंदीच्याच टीव्हीवर मालिका पाहे, अन् आनंदीच्याच फ्रीजचं थंडगार पानी गल्लीले पाजे. किल्ल्याचा जुडगा लोखंडाचाच, थो तं आनंदीच्या कमरेतून सोडून मीच घेतला. म्हातारीले वीज काय करन, म्हनलं. मोबाईल प्लास्टिकचा म्हनून वाचला.

मंग सासूचं सोवळं. लेकरू पायानं येते थे सासूच्या पुन्न्याईच्या जोरावर येते, मी सांगतलं. तं सासूनं मीठ सोडाचं, अन् ढोराच्या कोठ्यात भुईवर निजाचं. आनंदीनं माह्याकडे असं पाह्यलं का डोयानंच भाजन. मी म्हनलं, नाई जमत तं राहू दे व, दवाखाना काई दूर नाई. लगेच लक्ष्मन तिच्यावर वसकला. तवापासून मी तिच्या टाइल्सवर, तिच्या गादीवर, अन् थे माह्या म्हशीपाशी. म्हशीनं तिची ओळख शेपटीनं करून घेतली.

लहानूले मी ईसरली नोती. ज्यानं पायाळूले आवतन देल्लं, त्यानं तिसऱ्या बोरापाशी नारळ तळहातावर घेऊन उन्हात बसाचं, लेकरू येयेपर्यंत, असं मी काढलं. त्याले नाई म्हनता ये ना. नाई म्हनलं तं सारं ढोंग उघडं. बसला बिचारा. आंगावरून घामाचे पाट अन् हात असा थरथरे का नारळ हातात नाचे. गावातले लोकं बीडी पेटवून पाहाले जात. कोनी म्हने, लहानूभाऊ, नारळ काय म्हनते? दुसऱ्या दिशी थो बहिनीकडे कारंज्याले गेला तं गेलाच.

पन हे सारं म्हनजे तोंडी लावनं होतं. समीक्षा अजून घरातच होती अन् तिचं पोट खाली उतरून राह्यलं होतं. तिले बाहेर काढाचं कसं? बोंब ठोकली असती तं आनंदीनं मलेई कोठ्यात कोंडलं असतं. म्हनून मी शेवटचा नियम सांगतला. पोटातल्या पायाले पानी वळखाले शिकोलं पायजे, अन् थे शिकाचं असते आईच्या माहेरच्या पान्यात. धाम नदीत, पवनारले.

आनंदीचे कान उभे झाले. "माहेरी धाडाचं नाई, असं ठरलं हाय."

मी म्हनलं, "माहेरी कोन म्हनते? घराची पायरीई नाई चढाची. नदीत पाय बुडवाचे अन् वापस. मामानं काठावर नारळ घेऊन राहा लागते. मामाच्या हातचा नारळ नदीत गेला का मामाचा हक्क वाहून जाते."

हक्क वाहून जाते, एवढं ऐकलं अन् आनंदीनं स्वताच्याच हातानं रोशनले फोन लावला. मी तिले काई सांगतलं नाई. थे त्याले दटावून म्हने, "उद्या सकाळी नदीवर ऑटो घेऊन येजो, नारळ ईसरजो नोको." बरं, सासूची सावली त्या पान्यावर पडली नाई पायजे, हे तं नियमातच होतं. आनंदी अन् लक्ष्मन आमी वापस येयेपर्यंत कोरड्या बोरापाशी बसनार, बिनमिठाची भाकर घेऊन.

दुसऱ्या दिशी भाड्याची गाडी, पुढं धनंजय, मागं मी अन् समीक्षा. वाटेनं तिनं माहा हात असा धरला होता का माह्या बांगड्या मनगटात रुतल्या. मधीच तिचं आंग आवळून ये.  मी तिच्या कानात म्हनलं, आणखी थोडंसं धर व माय.

धाम नदीचे दगड तापले होते, पानी गुडघाभर. रोशन नारळ घेऊन हासत उभा. मी त्याले बाजूले घेतलं अन् सांगतलं का पाय खाली हायेत, अन् हे लोक तिले घरीच बाळंत करून राह्यले. त्याचं हासू तिथंच सुकलं. म्हने, मले तं त्यायनं डोकं खाली सांगतलं होतं. मी म्हनलं, भांडाले जिंदगी पडली हाय, ऑटो चालू कर.

मंग धनंजयले मी नदीत उभं केलं. तोंड वरच्या आंगाले, पानी येते तिकडे, हात जोडलेले, डोये बंद. म्हनलं, मामानं हाक मारल्याबिगर डोये उघडले तं लेकरू फिरते. गाडीवाल्याले चहा प्याले धाडलं. समीक्षाले ऑटोत बसोलं, मी बसली. ऑटो असा फाटक्या गळ्यानं वरडला का सारं पवनार उठून पाहन. मी मागं वळून पाह्यलं.

धनंजयचे डोये उघडे होते.

थो माह्याकडे पाहे, मंग समीक्षाकडे. आता बोंबलते, असं वाटलं मले.  पन त्यानं डोये पुन्ना मिटले, हात आणखी घट्ट जोडले, अन् तोंड वरच्या आंगाले केलं. संध्याकाळपर्यंत थो तसाच उभा होता म्हने. बायकाईले वाटलं नवा बाबा आला, काठावर केळं ठेवून गेल्या. गाडीवाला इचारे, तं म्हने अजून मामानं हाक नाई मारली.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात तिले सरळ आत नेलं. मी बाहेर बसली. माह्याजवळ सांगाले एकई गोष्ट नोती. अशी मी जिंदगीत कधी बसली नोती. मंग नर्स आली, कपड्यात गुंडाळलेलं लाल लाल घेऊन. पोरगी. आई चांगली हाय म्हने. अन् हासून म्हने, "आजी, हिचे पायच आंधी हातात आले. पाय धरूनच काढली हिले."

दुसऱ्या दिशी दोघं आले. आनंदी भांडाची तयारी करूनच आली होती, पन सिस्टरीननं तिले दारातच आवाज खाली कर म्हनलं. लक्ष्मन खाटेजवळ आला. पोरगी झाली याचंई त्याले काई नोतं, त्याचे डोये लेकराच्या पायावर. लहानूनं कारंज्याहून फोनवर सांगतलं होतं म्हने का पोट कापून काढलं तरी पाय आंधी आले असन तं चालते.

"माय," थो म्हने, "आंधी काय आलं? पाय का डोकं?"

समीक्षानं माह्याकडे पाह्यलं. मी तिच्याकडे.

मी म्हनलं, "डोकं. ऑटोच्या हादऱ्यानं फिरलं."

सारी जिंदगी मी खरं सांगतलं तरी या पोरानं मानलं नोतं. त्या दिशी मानलं. लेकराच्या पायावरचा हात त्यानं असा काढून घेतला जसा चटका बसला. आनंदी तिथंच फरशीवर बसली. इतके दिवस अळणी खाल्लेलं तिच्या तोंडावर आता दिसे. नर्सले इचाराचं दोघाईले सुचलं नाई.

समीक्षा रोहन्याले वापस गेली नाई. धनंजयनं वर्ध्याजवळ पिपरी मेघेले खोली घेतली, मी त्याईच्याचपाशी. पोरगी आता रांगते. रोशनच्या वावरात नेली तं एका जागी जाऊन बसते, उचलली तं रडते, सोडली तं पुन्ना तिथंच. रोशननं तिथं विहीर खंदाले घेतली.

पानी लागलं का नाई, थे मी तुमाले सांगत नाई. पन तुमच्यातलं कोनी रोहन्याकडं गेलं, तं आनंदीच्या दारापाशी जरासं थांबजा. तिले सांगजा का पोरीचे पायच आंधी आले होते, अन् पानी लागलं. बादलीभर नाई म्हना, काठोकाठ लागलं.