नो बाखेस

शिरूर कासारजवळच्या त्या वस्तीवर मोबाइलला रेंज यायची ती एकाच जागी, कोरड्या विहिरीच्या काठावर. म्हणून ऋतुजा भर दुपारी तिथं बसून स्पॅनिशचा अभ्यास करायची. पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत होती. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. घरी ती, सत्यभामाआत्या आणि शेळ्या.

त्या दिवशीचा धडा 'करू नकोस' कसं म्हणायचं याचा. क्रियापद 'आर'नं संपत असेल तर शेवटी 'एस' लावायचं, 'एर' नाहीतर 'इर'नं संपत असेल तर 'आस'. सगळं उलटंपालटं. आब्लार म्हणजे बोलणं. तिनं मोठ्यानं म्हटलं, "नो आब्लास."

विहिरीतून घुमून आलं, "नो आब्लेस."

ऋतुजानं वहीत बघितलं. चूक तिचीच होती. कोमेर म्हणजे खाणं. या खेपेला तिनं मुद्दाम चुकवलं. "नो कोमेस."

"नो कोमास."

आवाज तिचाच, पण सावकाश, समजावून सांगितल्यासारखा. वही तिथंच टाकून ती घरी पळाली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या धापा टाकत आली. "करडू पडलंय गं हिरीत! वरडून वरडून गप झालंय."

दोघी धावल्या. आत्यानं पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"नो बाखेस," खालून आलं.

"काय म्हणलीस?" आत्यानं मागं वळून विचारलं.

ऋतुजानं तोंडच उघडलं नव्हतं. हा शब्द ती शिकलेली नव्हती. शेवटी 'एस', म्हणजे मूळ शब्द 'आर'वाला: बाखार. तिनं फोनवर अर्थ शोधला. खाली उतरणं.

तिनं आत्याचा दंड गच्च धरला. "उतरू नकोस!"

"कावून?"

"आधी कंदील सोडू."

घरून आणलेला कंदील पेटवून कासऱ्याला बांधून त्यांनी आत सोडला. वारा नव्हता. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. खाली करडू पाय ताणून पडलं होतं.

आत्या काठावरून मागं सरली. "इषारी हवा हाय आत. गेलेच असते मी." मग हळूच म्हणाली, "आवाज तर तुझाच व्हता."

"मी बोलले नाही, आत्या."

दोघींनी संध्याकाळपर्यंत बाभळीच्या काट्या ओढून विहिरीचं तोंड बुजवलं. आता रेंजसाठी ऋतुजा वस्तीपासून लांबच्या टेकडीवर जाते. धडा मनातल्या मनात वाचते.