दादाने कानांवर हात ठेवले

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विम्याचे नियम कधी वाचले नाहीत. सख्खा भाऊ विमा कंपनीत दावे तपासायला बसलेला असताना वाचायचे तरी कशाला? साथीच्या दिवसांत दर पेशंटला नवा गाऊन, नवे हातमोजे, नवा मास्क बदलता बदलता त्या मेटाकुटीला आल्या, तेव्हा दादाच म्हणाला होता, "छोटे, हे सगळं बिलात वेगळं लाव. पेशंटला कंपनी परत देईल. मी आहे ना!"

त्यांनी लावलं. काही महिने सुरळीत गेले. मग एकाएकी पेशंटचे दावे नामंजूर होऊन येऊ लागले. कारण एकच: संरक्षक साहित्य उपचाराच्या दरातच धरलेलं असतं, दवाखान्याने ते वेगळं लावायचं नसतं. एका निवृत्त बाईंनी भर दवाखान्यात सुनावलं, "डोळे मिटून तोंड उघडत होते हो मी तुमच्यापुढे!"

कंपनीने चौकशीला बोलावलं. साहेबांशेजारी दादाला बसलेला पाहून डॉक्टरीणबाईंच्या जिवात जीव आला.

"असं बिल लावायला कोणी सांगितलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा पाण्याचा ग्लास टेबलावर गोल गोल फिरवत होता.

"नियम सगळ्यांना कळवले होते सर," तो म्हणाला. "मॅडमनी वाचले नसतील."

मॅडम! आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्यांना मॅडम म्हटलं होतं.

"नाही वाचले," त्या एवढंच बोलल्या. कंपनीने त्यांचा दवाखाना मान्यताप्राप्त दवाखान्यांच्या यादीतून काढून टाकला.

संध्याकाळी दादा दवाखान्यात आला आणि पेशंटच्या बाकावर बसला. "माझी नोकरी गेली असती गं. घरी दोन पोरं आहेत."

"आदल्या दिवशी एक फोन करायचास," त्या म्हणाल्या. "'छोटे, तू घे अंगावर,' म्हणायचंस. घेतलं असतं मी. हसत घेतलं असतं. तू मला विचारलंसुद्धा नाहीस, दादा."

त्यांनी किल्ल्या उचलल्या.

"ऊठ. मला कुलूप लावायचंय."

पेशंटचे पैसे त्यांनी एकेकाला फोन करून परत केले. बरेचसे पेशंट पुन्हा येऊ लागले, त्या निवृत्त बाईसुद्धा. दादाचा फोन मात्र त्या आई समोर असली तरच उचलतात.