दिराच्या कळपावरची फाल्चा

उपकार करणाऱ्याने तो विसरावा, हे त्याला शोभते. ज्याच्यावर उपकार झाला त्याने विसरणे हा मात्र अधर्म होय. आणि उपकारकर्ता आपला वैरी असेल, तर हा धर्म पाळणे फार अवघड होऊन बसते.

सांतुसा आणि तिचा दीर प्रुदेन्सिओ यांच्यात कुरणाच्या सीमेवरून नऊ वर्षे अबोला होता. गेल्या ऑगस्टात, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, मोठा हिमवर्षाव झाला, तेव्हा सांतुसा ज्वराने अंथरुणास खिळली होती. तरीही तिचे अल्पाके, लोकरीसाठी पाळलेली तिची जनावरे, जगली. लेकीने, हिलारियाने, कुठून तरी गवत मिळवले, एवढेच तिला ठाऊक होते. कार्निव्हलच्या सणातल्या सोमवारी सकाळी हिलारियाच्या तोंडून खरे बाहेर पडले. ते गवत प्रुदेन्सिओचे होते. अर्धी गंजी त्याने दिली, आणि त्याची स्वतःची सात पिल्ले उपासाने दगावली.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"काकांनी शपथ घातली होती, आई. यंदा ते फाल्चासुद्धा वाहणार नाहीत. म्हणतात, सात पिल्लं गेली, आभार कसले मानू?"

फाल्चा हे हिमाच्या सीमेवर, भूमीला बिलगून फुलणारे तांबडे फूल. कार्निव्हलच्या सोमवारी ते कळपावर उधळून आम्ही जनावरांचे आणि पर्वतदेवाचे आभार मानतो. उधळावे ते घरच्याच माणसाने. ज्या कळपाचे आभार राहिले, तो वाढत नाही.

पहाटे वेचलेली अर्धी फुले तिने आपल्या कळपावर उधळली आणि उरलेली टोपलीत घेऊन ती दिराच्या जनावरांच्या दगडी वाडग्यात शिरली.

"वहिनी, वाडगं चुकलीस. हे माझं आहे."

"डोळे शाबूत आहेत माझे. बाजूला हो."

"फुलं घरच्या माणसानं वाहायची असतात."

"मग मी कोण, खालच्या दरीतली मका विकणारी?"

प्रुदेन्सिओने दाराकडे पाहिले, पण तिला जा म्हटले नाही. सांतुसाने पहिली ओंजळ उधळली. एका वृद्ध मादीने मान वळवली आणि पाठीवरचे फूल शांतपणे खाऊन टाकले.

"बघ, हिला चाललं. तुझंच अडलंय."

त्याला हसू आवरेना. "गवत त्या मुक्या जिवांसाठी घातलं होतं हं, तुझ्यासाठी नाही."

"ठाऊक आहे. मी तरी कुठे तुझ्यावर उधळतेय?"

त्याने टोपी काढली आणि टोपलीत हात घातला. पुढची ओंजळ दोघांनी मिळून वाहिली.

पर्वतदेव त्या दोन्ही घरांवर कृपादृष्टी ठेवो, आणि त्यांच्या कुरणांत गवत दाट उगवो.