रिकामी फळी

सकाळी सात वाजता होडी हेव्हडा बेटाच्या पूर्वेकडच्या खाडीत शिरली, तेव्हा ओस्ला तंबूबाहेर चहाचे पाणी ठेवत होती. होडीत दोन माणसे होती आणि त्यांच्या मधोमध एक लांब फळी.

होडी रास्मीची होती, तिच्या चुलत्याची. सुकाणूवर त्याचा मुलगा गिबी होता. तीन दिवसांपूर्वी याच दोघांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, एर्लंडला, तंबू-कॅमेऱ्यांसकट इथे उतरवले होते, आणि न्यायला रविवारी यायचे ठरले होते. आज शुक्रवार होता.

गोट्यांवर पाय ठेवताना रास्मीने डोक्यावरची टोपी काढली. मग तिच्याकडे नीट पाहिले आणि टोपी हातातच राहिली.

"तू आहेस होय," तो म्हणाला.

"मग कोण असणार, काका? पाव आणलात की नुसतेच आलात?"

गिबीने तंबूकडे पाहिले. तंबूचे दार उघडे होते आणि आत एकच पांघरूण होते.

"मग जावई," गिबी हळूच म्हणाला.

"जावई काय?"

"कुठाय तो, ओस्ला?"

"पलीकडे, जुन्या वस्तीवर. रात्रीचे फोटो काढायला गेलाय. कालच्या पावसानं उतार निसरडा झालाय, जाऊ नको म्हटलं, पण ऐकतो कुठं?" बोलता बोलता तिची नजर फळीवर गेली. दोन्ही टोकांना दोरीच्या मुठी, वर घडी घातलेले शिडाचे कापड. स्कार्वा बेटावर ही फळी न ओळखणारे कोणी नव्हते. तिचे वडील वारले तेव्हा त्यांना धक्क्यापासून चर्चपर्यंत याच फळीवरून नेले होते. "ही कशाला आणलीत?"

"तुम्हीच बोलावलंत," रास्मी म्हणाला. "काल रात्री. दोन आगी होत्या."

चहाचे पाणी उकळून शेगडीवर सांडले. भांडे कोणी उचलले नाही.

हेव्हडावर माणसे राहत होती तेव्हापासूनची ही खूण. दक्षिणेच्या उतारावर एक आग दिसली, तर स्कार्वाच्या माणसांनी हातातले टाकून होडी पाण्यात ढकलायची; कोणीतरी आजारी आहे, कोणीतरी अडले आहे. दोन दिसल्या तर माणूस गेला आहे, फळी आणायची. आणि दोन आगींना घाई नसते. भरती-ओहोटी पाहायची, उजाडू द्यायचे, स्वच्छ कपडे घालायचे, मग निघायचे. गिबीच्या मेणकापडी कोटाच्या गळ्यातून इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर दिसत होती. शेवटची कुटुंबे हेव्हडा सोडून गेली ती ओस्लाच्या जन्माआधी. त्यानंतर आता इथे फक्त स्कार्वावाल्यांच्या मेंढ्या चरत. पण खूण कोणी विसरले नव्हते.

"आम्ही आग लावलीच नाही," ओस्ला म्हणाली. "इथे जाळायला आहे काय?"

बाप-लेकांनी एकमेकांकडे पाहिले. मग तिघेही चढायला लागले.

चढावर गिबी बोलत राहिला. तो गप्प राहणाऱ्यातला नव्हता.

"घोरत पडला असेल बघ. लर्विकचा, शहरातला माणूस तो, कॉफी नाकाखाली धरल्याशिवाय उठणार नाही. तसा सापडला ना, तर जिवंतच बांधतो त्याला फळीला. धक्क्यावर सगळ्या बायका रडायला उभ्या असतील, आणि हा उठून विचारेल, कुणाकडे प्रकाश बरा येतो?"

ओस्ला हसली नाही, पण तिने पाऊल उचलले.

माथ्यावर पोचल्यावर धुके विरळ झाले. खाली दक्षिणेच्या उतारावर चार घरांच्या भिंती होत्या, बिनछपराच्या. त्यांच्यापुढे गवत समुद्राकडे उतरत जात होते आणि एका जागी एकदम संपत होते. तिने हाक मारली. दोन मेंढ्यांनी माना वर केल्या.

एर्लंडचा छोटा तंबू वरच्या भिंतीच्या आडोशाला होता. आत झोपायची पिशवी होती, अजून गुंडाळलेली. भिंतीला लागून कॅमेरा स्टँडवर उभा होता, वारा लागू नये म्हणून स्टँडला दगड बांधलेले. तिघे त्याच्यासमोर पोचले तेव्हा त्याने टक् असा आवाज केला. गिबी दचकला.

"कोण आहे?"

"कोणी नाही. आपोआप काढतो. एक संपला की दुसरा, रात्रभर."

सगळ्यांत खालच्या घराच्या खिडकीत एक कंदील होता, बॅटरीवर चालणारा. दिवसाच्या उजेडात तो फिकट पिवळा दिसत होता, पण पेटलेला होता.

"ही झाली एक," रास्मी म्हणाला.

ओस्लाने तो कंदील ओळखला. ओसाड घरात कोणीतरी राहते आहे असे वाटावे म्हणून एर्लंड तो खिडकीत ठेवत असे. ओस्लाला हे आवडत नसे. ती पहाटेची छायाचित्रे काढायची आणि समोर असेल तेवढेच घ्यायची. त्यावरून त्यांचे वादही झाले होते, पण फार नाही.

तिने कॅमेरा थांबवला. बोटे गार पडली होती, तरी तिने बटणे बरोबर दाबली. शेवटच्या चित्रात ते तिघेच होते, कॅमेऱ्यासमोर येताना, धूसर. ती मागे जात राहिली. धुके, मग अंधार, मग रात्रीच्या अगदी सुरुवातीची चित्रे. तिथून ती एकेक चित्र पुढे घेऊ लागली. रास्मी तिच्या खांद्यामागे उभा राहिला.

खिडकीत कंदील. पलीकडे समुद्र, आणि समुद्रापार स्कार्वाचे दिवे, मोजके. सगळ्यांत टोकाला एक, बाकीच्यांपासून सुटा.

"ते आमचं स्वयंपाकघर," रास्मी म्हणाला.

पुढच्या चित्रात घरापासून खाली उतरत गेलेली उजेडाची एक रेघ होती. एर्लंड कपाळाला बॅटरी बांधून चालत होता. शटर बराच वेळ उघडे राहिल्याने तो स्वतः उमटला नव्हता, फक्त त्याचा उजेड. रेघ गवताच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथे तुटली होती.

त्याच्या पुढच्या काही चित्रांत कंदील एकटा होता.

मग खाली दुसरा दिवा उमटला. लहान, पांढरा. तो पुढच्या चित्रात त्याच जागी होता, त्याच्या पुढच्यातही.

"गिबी," रास्मी वळून न पाहता म्हणाला, "त्या गवताच्या कडेला जा. ती काळी शिळा दिसते ना, तिच्या डावीकडे. सांभाळून जा, पोटावर पडून बघ."

गिबी गेला. ओस्ला चित्रे पुढे नेत राहिली. दोन दिवे, दोन दिवे. पलीकडच्या किनाऱ्यावरचे दिवे एकेक करून विझत होते. एका चित्रात टोकाचा सुटा दिवा होता. पुढच्यात तो नव्हता.

"मागे घे," रास्मी म्हणाला.

तिने घेतले. दिवा होता.

"पुढे."

नव्हता.

रास्मीने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"काका," ओस्ला म्हणाली, "तुम्हाला ती खालची आग दिसली तेव्हा, ती हलत होती?"



"हलत होती. वाऱ्यात आग हलतेच, म्हटलं. गिबी म्हणाला होता, आत्ता निघू या. मीच म्हटलं, दोन आहेत, आता कशाला घाई? जेवून घे, उद्यासाठी पांढरा सदरा काढून ठेव." मग तो म्हणाला, "ओस्ला, माझे डोळे काही खराब नाहीत. पांढरी होती. आग पांढरी नसते. ते मला दिसलं होतं."

ती पुढे पाहत राहिली. बऱ्याच चित्रांनंतर, धुके यायच्या आधी, दुसरा दिवा मंद झाला आणि मग नव्हता.

गिबी वर आला तेव्हा त्याचा पांढरा सदरा चिखलाने भरला होता. त्याच्या हातात कपाळाला बांधायची बॅटरी होती.

"खाली कड्यातून पुढं आलेला एक कंगोरा आहे, दोन माणसं बसतील एवढा. तिथे होती. पडलेली नव्हती, ऐक. दोन दगडांमध्ये अडकवून ठेवली होती, तोंड स्कार्वाकडे करून. पट्टा नीट गुंडाळलेला. वरचं गवत उपटलंय, घसरल्यासारखं. कंगोऱ्यावर तो नाही."

"आणि खाली?"

"खाली समुद्र आहे. आता भरती आहे. कंगोऱ्यावरून पश्चिमेकडे एक चीर जाते, तिथून सरकत जाता येत असेल कदाचित. दोराशिवाय मला पुढं जाता आलं नाही."

बॅटरी ओस्लाने हातात घेतली, खटका दाबून पाहिला आणि खिशात ठेवली.

गिबीने माथ्यावर चढून वायरलेसवरून तटरक्षकांना कळवले. हेलिकॉप्टर धुके निवळले की निघेल, बचाव नौका निघाली आहे, तोवर कंगोऱ्याखाली उतरायला दोर आणि माणसे कोण देईल, असे त्यांनी विचारले. दोर स्कार्वावर होते, माणसेही. गिबीला ती आणायला जाणे भाग होते, आणि ओहोटी लागायच्या आत.

ओस्लाने इथेच थांबायचे ठरवले.

खाडीत परत आल्यावर मात्र गिबी होडी ढकलेना. तो फळीकडे पाहत उभा राहिला. मग तो गोट्यांत वाकला आणि एक मोठा, लांबट दगड उचलून फळीवर ठेवायला निघाला.

"नको," ओस्ला म्हणाली.

"ओस्ला, ती रिकामी नेता येत नाही. तुला माहितीये."

तिला माहीत होते. फळी घेऊन गेलेली होडी तिच्यावर काही ठेवल्याशिवाय परतत नाही. रिकामी आली तर वर्षाच्या आत ती स्वतःच कोणाला तरी मागून घेते, आणि सहसा होडीतल्यालाच. समुद्रात गेलेल्याचा देह मिळाला नाही, तर त्याच्या जागी दगड नेतात. दगडाला शिडात गुंडाळतात, पुरतात. त्यानंतर त्या माणसाला कोणी शोधत नाही.

"दगड ठेवलास म्हणजे तो मेला," ती म्हणाली. "तुम्ही दोर आणायला चाललाय की पुरायला?"

"दोर आणायलाच. पण माझी दोन पोरं आहेत, बाई."

"मग फळी इथं ठेवून जा."

"इथं ठेवली तर तुझ्याशेजारी वाट बघत बसेल. तेही नको."

गिबीच्या हातात दगड तसाच होता, जड, आणि त्याला तो खाली ठेवता येत नव्हता.

रास्मी पाण्यात उतरला. त्याने फळीवरची शिडाची घडी उचलून होडीच्या टोकाला ठेवली, एका हाताने कठडा धरला, आणि आपले वय झाले आहे हे लपवायचा प्रयत्न न करता, हळूहळू फळीवर आडवा झाला. बूट एकमेकांना लावले. टोपी छातीवर ठेवली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"होडी काढ."

"उठा आधी. चेष्टा करायची ही वेळ आहे का?"

"चेष्टा तू करतोस, मी नाही. ती रिकामी नाही आता. दगड टाक तो आणि होडी काढ, ओहोटी लागतेय."

गिबीने ओस्लाकडे पाहिले. ती पुढे आली आणि तिने काकाच्या कोटाची कॉलर वर केली, कारण समोरून वारा होता. रास्मीने तिच्याकडे पाहिले नाही. तो आकाशाकडे पाहत होता.

गिबीने दगड पाण्यात सोडला. जवळचा वायरलेस तिच्याकडे दिला (होडीत दुसरा होता), कोणते बटण दाबायचे ते दोनदा सांगितले आणि होडी ढकलली. भूशिराला वळसा घालेपर्यंत तिला होडीत बसलेला एकच माणूस दिसत होता.

साडेदहाला धुके निवळले. अकराच्या सुमारास हेलिकॉप्टर दक्षिणेकडून आले आणि उताराखालच्या कड्यांवर फिरू लागले. त्याच वेळी वायरलेसवर गिबीचा आवाज आला. होडी स्कार्वाच्या धक्क्याला लागली होती, सहा माणसे दोर घेऊन दुसऱ्या होडीतून निघत होती, तो त्यांच्याबरोबर येत होता.

"काका?" तिने विचारले.

मध्ये नुसतीच खरखर झाली.

"उठत नाहीत," गिबी म्हणाला. "बरे आहेत, बोलतायत. आईनं चहा आणला तर पडल्या पडल्या प्यायले, अर्धा गळ्यावर सांडला. पण फळीवरून उठत नाहीत. म्हणतात, जावयाचा पत्ता लागू दे, मग जागा रिकामी करतो."

ओस्लाने बटण दाबले. थोड्या वेळाने सोडले.

दुपारी चारपर्यंत कंगोरा, त्याच्या पश्चिमेकडची चीर आणि ती जिथे संपते ती घळ पाहून झाली होती. घळीच्या वरच्या कोरड्या भागात, भरतीचे पाणी पोचते त्याच्या वर, ओल्या बुटाचा एक ठसा होता. तो एर्लंडच्या बुटाशी जुळतो की नाही, हे अजून कळलेले नाही.