भरल्या मोटेचं वजन

मी दोर बोलतोय. कपडे वाळत घालायचा नव्हे, मोटेचा. मोटेला दोन दोर असतात. जाड तो नाडा. पाण्यानं भरलेली कातडी मोट तो विहिरीतून वर खेचतो. बारीक तो सोंदूर. तो मोटेची सोंड सांभाळतो, म्हणजे पाणी वाटेत न सांडता विहिरीच्या काठावरच्या दगडी थारोळ्यात पडतं. मी सोंदूर. नाव होतं ते नाड्याचं. माझ्याकडं कुणी पाहत नसे.

माझा जन्म अंबाडीच्या वाखातून झाला. दोर वळणाऱ्या मनुबाईचा नवरा पीळ देत होता आणि मनुबाई टोक धरून उलट्या पावलांनी मागं मागं जात होती. ती मागं सरत गेली तसा मी वाढत गेलो. तीन पेडांचा. शेवटची गाठ मारून तिनं मला दोन्ही हातांनी ताणलं, कानाशी धरून वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो दगा देयाचा न्हाई." इतक्या विश्वासानं जन्म झाला की पुढं वागणं अवघड होतं.

सातारा आणि सांगली यांच्या मधोमध, कृष्णेच्या काठी राहीबाईचं लहानसं रान होतं. मी तिच्या विहिरीवर आलो. तिचा नवरा नाथाजी गावची नाव चालवायचा आणि मोट हाकायला धुळा नावाचा गडी होता. धुळा पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातला, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरचा. त्याला पोहता येत नव्हतं. नदी दिसली की तो दोन पावलं मागं सरे, आणि काठावरची माणसं त्याला हसत. पण मोटेवर त्याचे हात बघावेत. मोट पाण्याला टेकली की तिला एक हिसका बसतो. तो हातात आला की धुळा दोर सैल सोडी, म्हणजे मोट बुडून भरे. भरली की दोर जड होई. मग तो बैल हाके आणि गाणं सुरू करी. सैल, जड, गाणं. माझी पहिली वर्षं अशी गेली.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्या वर्षी श्रावणात मोठा पूर आला. नाथाजीनं नावेतली सगळी माणसं काठाला लावली. नाव बांधायला तो परत पाण्यात उतरला, तेवढ्यात ओंडका आदळला. नाव गावाखालच्या डोहात गेली. नाथाजी दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. राहीबाईनं त्याचा डोक्याचा पटका धुतला, वाळवला, घडी घालून उतरंडीच्या मागं ठेवला.  

नाव गेली तशी पैलतीराची वाट गेली. दवाखाना पैलतीराला. त्याच पावसाळ्यात एक बाळंतीण ऐलतीरावर वाट बघत संपली. नवी नाव बांधायची तर लाकूड मिळेना. चांगलं सागवान लढाईनं ओढून नेलेलं. आता उन्हाळा निम्मा सरला होता, आणि राहीबाईची सून अंजना हिचे दिवस भर पावसाळ्यात भरणार होते.

अंजनाचा नवरा अर्जुना, नाथाजीचा मुलगा. डोहाच्या तळाशी जाऊन नाव वर काढायची, हे त्यानं मनाशी घेतलं. त्याच सुमारास त्याचा बाळपणाचा सोबती ज्ञानू सैन्यातून घरी आला. लढाईच्या काळात तो मुंबईच्या गोदीत, बुडालेली जहाजं वर काढणाऱ्या टोळीत होता. बेत असा ठरला: दोघांनी दम धरून तळ गाठायचा, नावेच्या कडीत नाडा ओवायचा, आणि काठावरून बैलांनी ओढायची.

राहीबाई म्हणाली, "नाव काढा. पर त्या डोहानं एक घेतलाय. दुसरा द्यायचा न्हाई."

ज्ञानूनं तिचा शब्द नियमासारखा घेतला. एकट्यानं बुडी मारायची नाही. एक काम करील तेव्हा दुसऱ्यानं फक्त त्याच्याकडं बघायचं. जाताना जेवढा दम लागला तेवढा येण्यासाठी राखायचा. मधला उरेल तेवढाच कामाचा. कमरेला खुरपं, जाळंबिळं अडकलं तर कापायला. आणि अर्जुनाच्या कमरेला दोर. त्या दोरासाठी ज्ञानूनं नाडा नाकारला, तो पाण्यात जड होतो म्हणून, आणि माझ्याकडं बोट केलं. त्या दिवशी नाड्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं असावं.

दोर धरायला कोण? ज्ञानू म्हणाला, ज्याचे हात शहाणे तो. म्हणून धुळा.

गावातला जुना पोहणारा तात्याबा रोज बघायला यायचा. तो म्हणाला, "ज्ञानू, आमी डोहात उड्या मारल्या त्या काय दोरीनं बांधून? म्हशी हायसा व्हय रं?"

"तुमी तळ गाठला व्हता का, तात्याबा?"

"तळ कशाला गाठायचा? वर काय वाईट हाय?"

सगळे हसले, तात्याबाही हसला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचे बैल देतो म्हणाला.

तालीम आमच्याच विहिरीत झाली. ज्ञानूनं गोदीतली खूण शिकवली: दोन हिसके दिले की वर ओढायचं. धुळानं ती पाठ केली. अर्जुना आणि ज्ञानू तळाशी गेले. दम सरत आला तसं अर्जुनानं मला दोन हिसके दिले. ते मी धुळाच्या तळव्यात नेऊन पोचवले.

धुळानं मला सैल सोडलं.

हिसका आला की सैल सोडायचं, हे त्या हातांना इतक्या वर्षांनी कोण विसरायला लावणार? अर्जुनानं पुन्हा हिसके दिले. मी आणखी सैल झालो आणि त्याच्याच पायाभोवती वेटोळं होऊन बसलो. ज्या कामासाठी मला नेलं होतं त्याच्या नेमकं उलट काम मी करत होतो. ज्ञानू त्याच्याकडंच बघत होता म्हणून बरं. त्यानं पायातलं वेटोळं काढलं, काखेत हात घालून त्याला वर आणला. अर्जुना थारोळ्यापाशी पालथा पडून खोकत राहिला.

ज्ञानू चिडला. पुन्हा पुन्हा शिकवलं. काठावर उभं राहून हिसके दिले तेव्हा धुळा बरोबर ओढायचा. पण विहिरीच्या तोंडाशी दोर हातात आला की हात आपलंच ऐकायचे. धुळा रडकुंडीला आला. "दुसरा बघा गड्या. माझ्या हातून पाप व्हईल," म्हणाला.

 राहीबाई पुढं आली आणि तिनं मला गुंडाळून आपल्या मांडीवर ठेवलं. वाटलं, संपलं; आता ही मला घरी नेणार.

"धुळा, मोट भरल्याली तुला कशी कळती रं?"

"ती कळतीच की, आये. झोपंत बी कळंल. दोर जड हुतो."

"मग ज्ञानू, ह्याचं हात बदलाय जाऊ नगंस. तुझी खूण बदल."

 ज्ञानू मोठ्यांदा हसला आणि अर्जुनाकडं वळला. "ऐकलंस? दम सरला की हिसका न्हाई द्यायचा. दोराला लोंबकळायचं. भरली मोट व्हायचं."

त्या दिवसापासून तालीम सुरळीत झाली. अर्जुना तळाशी जाई, दोराला लोंबकळे, मी जड होई आणि धुळा ओढी. दर वेळी, न चुकता. एकदा तर ओढताना त्याच्या तोंडून गाणंही निघालं. अर्जुना वर येऊन म्हणाला, "आता मला थारोळ्यात ओतू नगंस म्हंजे झालं."

ठरलेल्या सकाळी डोहावर सारा गाव जमला. उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील काठाशी पाण्यात सोडली होती. संथ पाण्यात आमच्याकडं ती होडीसारखी चालते, पुराच्या धारेत टिकत नाही. चारी बाजूंनी दोर काठाला बांधून ती डोहाच्या मधोमध थांबवायची होती. धुळा तीत बसला. पाण्याला भिणारा माणूस, डोळे मिटून, मला हातात घेऊन. राहीबाईनं सुनेकडून नदीची ओटी भरून घेतली. मग वाकून तिनं काहिलीच्या कडेवरून हात फिरवला. कडा धारदार होती. मी तिच्यावरूनच वरखाली सरकणार होतो. राहीबाई घरी गेली आणि नाथाजीचा पटका घेऊन आली. तिनं तो कडेला दुपदरी गुंडाळला आणि बांधला. मग काहील डोहाच्या मधोमध नेली.

पहिल्या बुडीत दोघांनी फक्त पाहिलं. कशाला हात लावला नाही. वर येऊन ज्ञानूनं सांगितलं: नाव कुशीवर पडलीय, कडी वरच्या अंगाला आहे, आत गाळ. अर्जुनाला लगेच जायचं होतं. ज्ञानूनं त्याला काठावर बसवलं, श्वास जागेवर येईपर्यंत.

दुसऱ्या बुडीत मी खाली गेलो तो नाड्याच्या शेजारून. वरचा उजेड हिरवा झाला, मग तपकिरी, मग नावापुरता. नाव दिसली. अर्जुनानं तिच्या फळीवर क्षणभर हात ठेवला. का, ते मला कळलं. मग त्यानं कडीतून नाडा ओवला आणि निरगाठ मारली. ती आवळली आणि त्याच वेळी नाव हलली. पुरापासून बसलेला गाळ उठला. सगळं काळं झालं. अर्जुनाला वर कुठं आणि खाली कुठं ते कळेना. तो नावेच्या पोटाखाली सरकू लागला.

एका हातानं त्याला पकडलं. तो ज्ञानूचा. त्यानं अर्जुनाची मूठ माझ्यावर आणून ठेवली आणि दुसऱ्या हातानं स्वतःही मला धरलं. मग दोघं लोंबकळले.

दोन माणसांचं वजन माझ्यावर कधी आलं नव्हतं. माझे तिन्ही पेड ताठ झाले. मनुबाईचं बोलणं आठवलं. वर धुळाचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण हातांना कळलं. भरली. त्यानं मला ओढलं. घाई नाही, धसका नाही, मोट ओढावी तसं सलग. मी कडेवरून सरसरत वर येत होतो आणि पटका फाटत होता, सूत सूत उलगडत होता. पण त्यानं माझा एक पेडही कापू दिला नाही. धुळा गात होता. त्या डोहावर एकट्या धुळाचं मोटेवरचं गाणं चाललं होतं.

आधी ज्ञानूचं डोकं वर आलं, मग अर्जुनाचं. 

त्यानंतर तात्याबानं बैलांना हाळी दिली. नाडा ताणला गेला. पाण्यातून आधी बुडबुडे आले, मग गाळ, मग काळी चिंब नाव, नाक वर करून. तेव्हा गाव ओरडला. इतका ओरडला की बैल बिचकले आणि नाव ठरल्या जागेच्या दोन हात पुढंच येऊन थांबली. तात्याबा प्रत्येकाला धरून सांगत होता, "दोर बांधून गेली व्हती पोरं. दोर बांधूनच जायाचं आसतं." नाड्याला लोकांनी गुलाल लावला. धुळानं मला लावला.

आषाढात नदी दोन्ही काठ भरून वाहत असताना अंजना डागडुजी केलेल्या त्याच नावेतून पैलतीराला गेली. वल्हं अर्जुनाच्या हातात होतं. धुळाही गेला, डोळे मिटून, पण गेला. मुलगी झाली.

आता मी मोटेवर नाही. अर्जुनानं मला नावेच्या नाकात ठेवलंय, कुणी पाण्यात पडलं तर फेकायला. माझं एक टोक मात्र राहीबाईनं मागून घेतलं. नातीच्या पाळण्याला ती माझीच दोरी आहे. मी दोन ठिकाणी जगतो म्हणायला हरकत नाही. तुम्ही खोल पाण्यात उतरणारी माणसं असाल तर एवढंच मागतो: वर दोर कुणी धरलाय, त्याचे हात ओळखून मग उतरा. आणि मी झिजलो म्हणून मला चुलीत घालू नका. माझे तिन्ही पेड अजून शाबूत आहेत.

परवा राहीबाई स्वयंपाकात होती. बाळ रडलं, तेव्हा अंगणातला धुळा झोका द्यायला बसला. जरा जोरातच देत होता. राहीबाई आतून म्हणाली, "धुळा, भरली मोट हाय रं. जपून वड."